मसुदा तुझा, सही माझी

संशोधिका : पण त्यात वाईट काय होतं, बाई? एक ओळ दाखवा. एकच.

ऑफिसबाई : वाईट कशाला असेल? माझ्याच हाताने टाइप झालंय ते. 'मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, मनमिळाऊ, उपकरणांची जिवापाड काळजी घेणारी, वरिष्ठांचा मान राखणारी.' टाइप करता करता मनात आलं, आपल्या मुलासाठी हिला विचारावं.

संशोधिका : चेष्टा नको, बाई.

ऑफिसबाई : चेष्टा नाही गं. मुलगा माझाच कुचकामी निघाला, म्हणून विचारायचं राहिलं.

संशोधिका : त्या पत्राला दहापैकी तीन मिळालेत. हा बघा कागद. लेखी परीक्षा नऊ, मुलाखत नऊ, शिफारसपत्र तीन. सहा देशांचा गट, प्रत्येक देशातून एक नाव, दोन वर्षं त्यांच्या अॅक्सिलरेटरवर काम शिकायचं. चार वर्षं ह्या एका गोष्टीवर डोळा ठेवून काढली मी. आणि घात कुणी केला, तर सरांच्या पत्राने.

ऑफिसबाई : सरांच्या? बयो, शुद्धीवर ये. सरांची त्यात सही आहे फक्त. मसुदा तुझा आहे. तुझ्या अक्षरातला कागद अजून माझ्या फायलीत आहे, काढून देऊ?

संशोधिका : मसुदा माझा होता, मान्य. पण सगळीकडे असंच असतं ना? आपण आपल्याविषयी बेताचं लिहून द्यायचं, मग वरचं सर घालतात.

ऑफिसबाई : सव्वीस वर्षं ह्या टेबलाशी बसलेय. सरांनी कुणाच्या पत्रात एक अक्षर वरचं घातलेलं मी पाहिलं नाही. खालचंही नाही. 'मसुदा तुझा, सही माझी.' येईल त्या पोराला पहिल्या दिवशी हेच.

संशोधिका : वाचलं तरी का त्यांनी?

ऑफिसबाई : दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, 'मुलगी सुसंस्कृत आहे', आणि सही ठोकली.

संशोधिका : आणि तुम्ही गप्प बसलात.

ऑफिसबाई : गप्प? मी म्हटलं नव्हतं तुला, की तू नि तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने ते काय ते खोटं पीक शोधलंत, ज्यावरून महिनाभर इथे धावपळ चालली होती, ते कुठाय ह्यात? तर मला म्हणालीस, 'बाई, स्वतःची टिमकी स्वतः कशी वाजवू?' मग मी म्हटलं, शिकलेली माणसं आहेत. माझा पगार स्वल्पविराम बघायचा आहे.

संशोधिका : मला आत जायचंय.

ऑफिसबाई : जाच. त्यांनीच बोलावलंय तुला. काहीतरी नवं आलंय दुपारच्या फोनवर. आणि एक ऐक, आत रडू नकोस. रडलं की ते पाण्याचा पेला पुढे करतात. पाणी पिऊन होईतो भेटीची वेळ संपते. भल्याभल्यांना त्यांनी पाण्यावर परत पाठवलंय.

सर : ये. दार लोट. तो कागद टेबलावर ठेव, हातात राहिला तर चुरगळेल. पुरावा चुरगळू नये.

संशोधिका : सर, तुम्हाला माहीत होतं.

सर : काय माहीत होतं, ते सांगितलंस तर हो किंवा नाही म्हणता येईल. वाक्याला कर्म असावं, एवढं तरी चार वर्षांत मी शिकवलं असेल.

संशोधिका : असल्या पत्राचा तिथे काय अर्थ लावतात, ते.

सर : होतं. त्या निवड समितीवर मी सहा वर्षं बसलो आहे. दरवर्षी दोनशेच्या आसपास पत्रं येत. त्यांतले एकशे नव्वद उमेदवार 'असामान्य' असत आणि उरलेले दहा 'मेहनती'. मेहनतींचा गठ्ठा आम्ही चहा येण्यापूर्वी वेगळा काढत असू. त्यावर चर्चा झाल्याचं मला स्मरत नाही.

संशोधिका : म्हणजे मेहनत हा दोष झाला.

सर : दोष नव्हे. ते गृहीत आहे. जे गृहीत आहे तेच कुणी आवर्जून लिहिलं, की वाचणारा मनाशी म्हणतो, ह्याला सांगण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही वाटतं. स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ जर म्हणाला, 'मुलाला दोन कान आहेत', तर मुलीचा बाप काय समजतो?

संशोधिका : मी लग्नाला उभी नव्हते, सर.

सर : समितीसमोर सगळे लग्नालाच उभे असतात. हे बघ, पहिल्या वर्षी मी तुला वर्णपट वाचायला शिकवला. शिखरं कुणालाही दिसतात, असं म्हणालो होतो. शिखर जिथे असायला हवं आणि जिथे सपाट रेघ आहे, तिथे बघायचं. 'नसणं' हाही पुरावा असतो, हे जुन्या तर्कशास्त्र्यांना आपल्याआधी पुष्कळ शतकं ठाऊक होतं. पत्रंही तशीच वाचतात. तुझ्या पत्रात बुद्धीच्या जागी सपाट रेघ होती. ती तू काढलीस.

संशोधिका : खाली सही तुमची आहे.

सर : मोजणाऱ्याने पदरचं शिखर घालायचं नसतं.

संशोधिका : पदरचं? गेल्या वर्षी त्यांच्या वर्णपटातल्या त्या नव्या पीकचा, नव्या शिखराचा, आठ महिने गाजावाजा चालला होता. अणुकेंद्राची नवी ऊर्जापातळी सापडली म्हणून पेपर लिहायला घेतला होता त्यांनी, सहा देशांच्या नावांनी. ते पीक खोटं होतं. दोन गॅमा किरण एकाच क्षणी डिटेक्टरमध्ये शिरत होते आणि यंत्र दोघांची बेरीज करून एकच किरण मोजत होतं. हे ह्या खोलीत, ह्या फळ्यावर, मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही खडू खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला होतात.

सर : आठवतं. सुंदर काम होतं. सहा देशांची अब्रू वाचली.

संशोधिका : मग ते पत्रात का नाही?

सर : मी कसं सांगू? मसुद्यातलं वाक्य माझ्यासमोर आहे. 'गटाच्या विश्लेषणात तिने मोलाचं साहाय्य केलं.' हे वाचणाऱ्याला वाटलं असेल, मुलीने आलेखांच्या छायाप्रती काढल्या.

संशोधिका : तसं लिहायला तुम्हीच शिकवलंत. पहिल्या महिन्यात माझी प्रयोगवही तुम्ही तपासलीत आणि प्रत्येक 'मी'वर लाल रेघ मारलीत. सतरा रेघा होत्या, मी मोजल्या होत्या. 'हे सहा देशांचं काम आहे, इथे मी नाही, गट आहे.' तेव्हापासून मी घरी पत्र लिहितानाही 'मी' लिहायला बिचकते.

सर : प्रयोगवहीसाठी सांगितलं होतं. शिफारसपत्रासाठी असं मी कधी म्हणालो?

संशोधिका : फरक कुणी सांगितला?

सर : तो सांगायचा नसतो. डिटेक्टर जुळवणं, निर्वात पंप सांभाळणं, नमुना बसवणं, हे कुणीही वर्षभरात शिकतो. त्याला आपण प्रशिक्षण म्हणतो, कारण अहवालात काहीतरी म्हणावं लागतं. कोणता नियम कुठल्या दारापाशी संपतो, हे न सांगता ज्याला कळतं, तो टिकतो. बाकीचे उत्तम शिक्षक होतात.

संशोधिका : आणि ज्याला कळत नाही त्याचं वाटोळं होताना तुम्ही दोनदा वाचता.

सर : मलाही कुणी सांगितलं नव्हतं. माझं पहिलं पत्र तुझ्याहून नम्र होतं. दोन वर्षं गेली त्यात. गुरूंकडे जाऊन मी बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'राग कुणावर आहे, ते नीट मोजून ये. मोजमापात चूक किती, तेही लिही.' मी मोजलं. आकडा माझ्याच बाजूला आला.

संशोधिका : म्हणून तुम्हाला जे भोगावं लागलं ते आमच्या गळ्यात.

सर : परंपरा म्हणतात त्याला.

संशोधिका : आमच्या घरी त्याला खोड म्हणतात.

सर : घरी काय करतात तुझ्या?

संशोधिका : आई शिवणकाम करते. कपडा अंगाला छान बसला असं गिऱ्हाईक म्हणालं, तर म्हणते, कापडच चांगलं होतं.

सर : आणि म्हणून ती अजून शिवते आहे. पाणी हवं का?

संशोधिका : नको. पाणी नको मला.

सर : बरं. मग कामाचं बोलू. एका देशाचा उमेदवार वैद्यकीय तपासणीत गळला. त्यांच्या संचालकांचा मघाशी फोन होता. जागा रिकामी ठेवली तर तिचा निधी परत जातो, म्हणून परीक्षेत वर आलेल्यांची नावं ते पुन्हा उघडताहेत. जुनी पत्रं रद्द, नवी पाठवायची. आज संध्याकाळी पाचपर्यंत. आपल्याकडून दोन नावं बसतात. एक तू.

संशोधिका : आणि दुसरी घुबड.

सर : तिला काहीतरी बरं नाव असेल.

संशोधिका : वसतिगृहात कुणी घेत नाही ते. जाग्रणाच्या पाळ्या सगळ्या तीच मागून घेते, म्हणून. माझ्या खोलीत राहते चार वर्षं.

सर : लेखीत तिला तुझ्याहून अर्धा गुण कमी, मुलाखतीत अर्धा जास्त. म्हणजे बेरीज सारखी. गेल्या खेपेला पत्रासाठी प्रत्येक प्रयोगशाळेने एकच नाव द्यायचं होतं, म्हणून जिची नोंदणी आधीची तिचं मी दिलं, म्हणजे तुझं. ह्या खेपेला निवाडा पत्रावर होईल. दुसऱ्या एका देशातूनही दोन नावं आहेत. जागा एक. आणि ह्या सहा देशांच्या कराराची मुदत वर्षअखेर संपते. नूतनीकरण होणार नाही, हे मला मागच्याच बैठकीत कळलं. तेव्हा पुढच्या वर्षी प्रयत्न करू, असं कुणी कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

संशोधिका : मी आत्ता बसते लिहायला.

सर : बस. दोन्ही मसुदे साडेचारपर्यंत बाईंकडून टाइप होऊन इथे यावेत.

संशोधिका : दोन्ही?

सर : तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांची आज शस्त्रक्रिया आहे, ती गावी गेली आहे. बाईंनी तिला फोन करून कळवलं. ती म्हणाली, 'माझंही तीच लिहील. तिची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे.'

संशोधिका : सर, तिचं तुम्ही लिहा.

सर : मी कुणाचंच लिहीत नाही. आज एकीसाठी लिहिलं, तर आजवर ज्यांचं लिहिलं नाही त्यांच्यावर अन्याय होईल.

संशोधिका : एकाच जागेसाठी मी माझंही लिहायचं आणि तिचंही? हे बरोबर नाही.

सर : का? तू प्रामाणिक आहेस. तुझ्या पत्रात तसं म्हटलं आहे, माझ्या सहीनिशी.

संशोधिका : त्या पीकचं काय लिहू मग?

सर : जे झालं ते.

संशोधिका : झालं ते असं, की पीक विचित्र आहे हे मला दिसलं. त्याची जागा दुसऱ्या दोन पीकच्या बेरजेवर अचूक पडत होती. पण डिटेक्टर मागे सरकवून बघूया, हे घुबड म्हणाली. त्यांच्याकडचा नमुना मागवून आपल्या डिटेक्टरपुढे ठेवला. डिटेक्टर दहा सेंटिमीटरवरून पंचवीसवर नेला. बाकीची पीकं बारीक झाली, आणि हे एकटं पार झोपलं, कारण लांबून दोन किरण एकाच क्षणी आत शिरणं फार अवघड. मी फळ्यावर दाखवत होते तेव्हा ती इथेच मागच्या बाकावर झोपली होती, कारण मोजणी रात्रभर तिनेच केली होती.

सर : ही माहिती मला नवी आहे.

संशोधिका : फळ्यापाशी मी 'आम्ही' म्हणाले होते.

सर : 'आम्ही' हा शब्द मला ऐकू येत नाही, वयामुळे असेल. मग?

संशोधिका : मग ते दोघींचं आहे. दोन्ही पत्रांत तसं लिहिते.

सर : अवश्य लिही. समितीचं काम सोपं होईल. दोन पत्रांत एकच शोध दिसला की ते प्रत्येकीच्या नावे अर्धा मांडतात. आणि त्या दुसऱ्या देशातला कुणीतरी अर्ध्याहून थोडा जास्त निघतोच. तुम्ही दोघी इथेच राहाल, एका खोलीत, मैत्री अबाधित.

संशोधिका : म्हणजे तुम्ही सुचवताय, की...

सर : मी काहीही सुचवत नाही. मी सही करतो.

संशोधिका : आणि मी लिहिलेलं खोटं असलं तर?

सर : दोनदा वाचेन आणि सही करेन.

संशोधिका : बदलणार नाही?

सर : एक मात्राही नाही. तुझ्या विवेकात ढवळाढवळ करण्याइतका मी उद्धट नाही. तीन वाजून गेलेत. दार ओढून घे.

ऑफिसबाई : आलीस? डोळे कोरडे आहेत. शाब्बास. बस इथे, खुर्ची ओढ. तू सांग, मी टाइप करते, हाताने लिहून मग टाइप करण्याइतका वेळ नाही. आधी कुणाचं?

संशोधिका : तिचं.

ऑफिसबाई : गुणाची गं. सांग.

संशोधिका : लिहा. 'गेल्या वर्षी आंतरराष्ट्रीय गटाने जाहीर केलेलं एक शिखर संशयास्पद आहे असं आढळल्यावर, डिटेक्टर टप्प्याटप्प्याने मागे नेऊन पडताळणी करण्याची निर्णायक कल्पना हिची होती. सलग मोजणीही तिने एकटीने पार पाडली. अशी प्रयोगदृष्टी मी गेल्या वीस वर्षांत...' थांबा. 'गेल्या वीस वर्षांत क्वचित पाहिली.'

ऑफिसबाई : अगं बाई. चांगलं जमतं की तुला. हे पत्र मला असतं तर मी इथे टाइप करत नसते. 'क्वचित पाहिली.' झालं. आता तुझं.

संशोधिका : 'ते शिखर दोन शिखरांच्या बेरजेच्या जागी येतं, हे हिने प्रथम ओळखलं. त्यानंतर सहकारी संशोधिकेच्या मदतीने...'

ऑफिसबाई : आणि?

संशोधिका : 'सहकारी संशोधिकेने सुचवलेल्या पद्धतीने ते सिद्ध केलं.'

ऑफिसबाई : हं.

संशोधिका : हं काय?

ऑफिसबाई : मला ह्यातलं काय कळतंय. पीक म्हटलं की मला आधी शेत दिसतं. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट अडाण्यालाही कळेल. तू नुसतं पाहिलंस. केलं तिने.

संशोधिका : पाहिलंच नसतं तर करणार काय होती ती? आठ महिने सहा देशांतली माणसं त्या रेघेकडे बघत होती. ती पण बघत होती. दिसलं मला.

ऑफिसबाई : माझ्यावर का डाफरतेस? मी तुला खोटं म्हटलं का? जसं आहे तसं सांगितलं.

संशोधिका : आणि डिटेक्टर मागे न्यायचं मलाही सुचलंच असतं. दुसऱ्या दिवशी सुचलं असतं. पुस्तकातली पद्धत आहे ती.

ऑफिसबाई : असेल.

संशोधिका : सरांना वाटतं ते काम माझं आहे. आत्तापर्यंत वाटत होतं. मी काही मागितलं नव्हतं.

ऑफिसबाई : पोरी, पावणेचार झाले. भांडायचं तर भांड, पण सांगत सांगत भांड.

संशोधिका : तिचं जे पहिलं वाक्य आहे ना, 'निर्णायक कल्पना'वालं...

ऑफिसबाई : हो.

संशोधिका : ते तिथून उचलून माझ्यात घाला, त्या 'सहकारी'वाल्या ओळीच्या जागी.

ऑफिसबाई : आणि रात्रभराची मोजणी?

संशोधिका : तीही. 'एकटीने' नको. नुसतं 'पार पाडली'.

ऑफिसबाई : आणि 'वीस वर्षांत क्वचित'?

संशोधिका : ते पण. 'क्वचित' काढून 'पाहिली नाही' करा.

(फोन वाजतो.)

ऑफिसबाई : हॅलो. हो, मीच. बोल गं. बाबांना बाहेर आणलं का? ... शुद्धीवर आले? बरं झालं. डॉक्टर काय म्हणतात? ... हो, तसं चालायचंच, दोन दिवस दुखणार. तू काही खाल्लंस का? ... हो, इथेच आहे, माझ्या शेजारी बसलीय. देऊ?

संशोधिका : नको. सांगा, लिहितेय.

ऑफिसबाई : ती लिहितेय गं. ... हो. ... हो, सांगते. ... अगं नाही, तिला कसला त्रास. ... बरं, ठेव. बाबांना जप.

संशोधिका : काय म्हणाली?

ऑफिसबाई : म्हणाली, तिला म्हणावं माझ्यापायी घाई करू नकोस. आधी स्वतःचं नीट लिही. मागच्या वेळी लाजत बसली होती वेडी.

संशोधिका : वाक्य उचललंत का?

ऑफिसबाई : उचललंय. तुझ्यात घातलंय. आता तिच्या कागदावर खड्डा पडलाय. तिथे काय भरू?

संशोधिका : 'गटाच्या विश्लेषणात तिने मोलाचं साहाय्य केलं.'

ऑफिसबाई : ते वाक्य माझ्याकडे तयारच आहे. जुन्या फायलीतून चिकटवते.

संशोधिका : चिकटवा.

ऑफिसबाई : एक विचारू? ती परवा परत येईल. एकाच खोलीत दोघी. काय सांगशील?

संशोधिका : सांगेन, पत्रं सरांनी बदलली.

ऑफिसबाई : सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाचं बदललं नाही.

संशोधिका : हे तिला माहीत नाही. मलाही आजच कळलं.

ऑफिसबाई : बरी तयार झालीस एका दुपारात.

संशोधिका : तिला पुढच्या वर्षी मिळेल, बाई. तिचे गुण चांगले आहेत.

ऑफिसबाई : पुढच्या वर्षी करारच नाही. बैठकीचं इतिवृत्त मीच टाइप केलंय. सरांनी सांगितलं नाही तुला?

संशोधिका : सांगितलं.

ऑफिसबाई : मग?

संशोधिका : मग काही नाही. चार वाजले.

ऑफिसबाई : तुझं पान भरलं. तिचं अर्धंच झालंय, खाली मोकळं दिसतं. असंच पाठवलं तर सर परत करणार नाहीत, पण कागद उघडा वाटतो. स्वभावाविषयी घालू का काही?

संशोधिका : घाला. स्वभाव फार चांगला आहे तिचा.